खानदेशांतील राष्ट्रनिशाण : फैजपूर, नंदुरबार व निजामी सरहद्द

जुनीं दप्तरें चाळणारास निशाण हा शब्द पदोपदीं भेटतो. अमुक ठाणें घेतलें व निशाण चढविलें, अमुक किल्ल्यावरील निशाण उतरलें, अशा मजकुरांत त्या शब्दाचा अर्थ अगदीं स्वच्छ असतो. ज्याचें निशाण त्याचा अंमल. तें सत्तेचें असतें, रयतेचें नसतें. सत्ता बदलली कीं तें एका दिवसांत बदलतें, आणि रयत दुसरे दिवशीं नांगर धरून शेतांत जाते. खानदेशांत या रीतीचें एक दुःखद उदाहरण थाळनेर येथें घडलें. ता. ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोर येथें झालेल्या तहानें होळकरांनीं सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपला मुलूख इंग्रजांस दिला. तापीकांठचें थाळनेर त्यांत आलें. कागदावर किल्ला इंग्रजांचा झाला, परंतु ता. २७ फेब्रुवारी रोजीं सर टॉमस हिस्लॉप याची फौज दाराशीं आली तेव्हां किल्लेदार तुळशीराम मामा यानें तो सोडला नाहीं. दारांत झटापट होऊन इंग्रज अंमलदार पडले, मग आंतील शिबंदीची कत्तल झाली, आणि किल्लेदारास फांशीं दिलें. पुढील वर्षीं पार्लमेंटांत फौजेच्या आभाराचा ठराव आला असतां या फांशीवर तेथेंच कडक टीका झाली. धन्यानें तह केला म्हणून चाकरानें निशाण उतरवावें कीं काय, हाच त्या प्रसंगांतील खरा वाद होता.

थाळनेर आज धुळें जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यांत आहे. या प्रसंगानंतर ११८ वर्षांनीं त्याच तापीच्या खोऱ्यांत, पूर्वेकडे फैजपुरास, एक असें निशाण उभें राहिलें कीं ज्याच्या मागें किल्ला नव्हता, फौज नव्हती, तहहि नव्हता. तें रयतेनें आधीं उभारलें आणि सत्ता त्याच्या मागून यावयाची होती. निशाणाचा जुना अर्थ येथें उलटा झाला. परंतु रयत एक नव्हती. तेव्हां तें निशाण कोणाचें, एका पक्षाचें कीं सर्व राष्ट्राचें, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच त्याच्या दोरीला बांधलेला होता. प्रस्तुत लेखांत त्या प्रश्नाचा खानदेशापुरता माग काढावयाचा आहे.

प्रथम निशाणाची घडण पाहिली पाहिजे, कारण संग्राहकांच्या हातीं जीं जुनीं वस्त्रें येतात त्यांचा काळ ठरविण्यास तिचा प्रत्यक्ष उपयोग आहे. मादाम कामा यांनीं ता. २२ ऑगस्ट १९०७ रोजीं जर्मनींत स्टुटगार्ट येथें समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत जें निशाण फडकविलें त्याच्या मधल्या पट्ट्यावर वंदे मातरम् हीं अक्षरें होतीं. तें वस्त्र इंदुलाल याज्ञिक यांनीं हिंदुस्थानांत आणलें व तें पुण्यास केसरी-मराठा संस्थेंत राहिलें. १९१७ च्या होमरूल चळवळींतील टिळक व बेझंटबाई यांच्या निशाणांत पांच तांबडे व चार हिरवे पट्टे, सप्तर्षींचे सात तारे, एका कोपऱ्यांत चंद्रकोर व तारा आणि दुसऱ्या कोपऱ्यांत चक्क ब्रिटिश युनियन जॅक, असा थाट होता. साम्राज्याच्या आंत राहून स्वराज्य मागावयाचें, ही त्या वेळची मागणी कापडावर इतकी प्रामाणिकपणें उतरलेली दुसरीकडे क्वचितच दिसेल.

१९२१ सालीं बेझवाडा येथें पिंगळी वेंकय्या यांनीं तांबड्या व हिरव्या रंगांचें निशाण गांधीजींपुढें मांडलें. चरख्याची सूचना जालंदरच्या लाला हंसराज यांची. पांढरा पट्टा गांधीजींनीं घालविला. त्याचा खुलासा गांधीजींनीं त्याच वर्षीं एप्रिलमध्यें यंग इंडियांत केला : तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर सर्व धर्मीयांचा. या निशाणांत पांढरा पट्टा वर, हिरवा मध्यें व तांबडा खालीं असून चरख्याचें चित्र तिन्ही पट्ट्यांवर पसरलेलें असे. नागपूरचा १९२३ चा झेंडा सत्याग्रह याच निशाणासाठीं झाला. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यानें निशाण नेण्यास सरकारनें मनाई केली, ता. १ मे पासून स्वयंसेवक रोज तुकडी-तुकडीनें तें घेऊन निघत व तुरुंगांत जात. जमनालाल बजाज पकडले गेले, पुढें वल्लभभाई पटेल यांनीं सूत्रें घेतलीं, आणि ता. १८ ऑगस्ट रोजीं मिरवणूक त्या रस्त्यानें गेली. एका रस्त्यावरून एक कापड नेण्यासाठीं हजारावर माणसें तुरुंगांत जातात, हा प्रकार मराठी मुलखानें तेव्हां प्रथम पाहिला.

रंगांची अशी वांटणी केली कीं वांटा मागणारे उभे राहतातच. शिखांनीं आपला रंग मागितला. कांहींनीं म्हटलें कीं निशाण म्हणजे धर्मांची यादी नव्हे. अखेर ता. २ एप्रिल १९३१ रोजीं काँग्रेस कार्यकारिणीनें सात जणांची समिति नेमली : वल्लभभाई पटेल, अबुल कलाम आझाद, मास्टर तारासिंग, जवाहरलाल नेहरू, दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, डॉ. ना. सु. हर्डीकर व पट्टाभि सीतारामय्या. यांतील काका कालेलकर हे साताऱ्याचे; आणि हिंदुस्थानी सेवादलाचे संस्थापक हर्डीकर हे हुबळीचे. या समितीनें जी शिफारस केली ती आज पुष्कळांस ठाऊकहि नसते. तिनें सुचविलें कीं निशाण सबंध केशरी, एकरंगी असावें व काठीकडील बाजूस तांबूस चरखा असावा. अखिल भारतीय काँग्रेस समितीनें ऑगस्ट १९३१ मध्यें मुंबईस ती शिफारस फेटाळली आणि केशरी, पांढरा व हिरवा असे तीन पट्टे व मधल्या पट्ट्यावर निळा चरखा हें रूप मंजूर केलें. त्याच ठरावानें रंगांचा धर्मांशीं संबंध तोडला. केशरी म्हणजे धैर्य व त्याग, पांढरा म्हणजे सत्य व शांति, हिरवा म्हणजे श्रद्धा व शौर्य, असा नवा अर्थ सांगितला गेला.

ठरावानें अर्थ बदलतो काय? कागदावर बदलतो. लोकांच्या मनांत पहिला अर्थच रुजून राहिला, आणि आजहि शाळेंतला मुलगा रंगांचा अर्थ विचारला असतां त्याग व शांति सांगतो आणि घरीं गेल्यावर हिंदु-मुसलमान सांगतो. समितीची एकरंगी केशरी शिफारसहि पुरती मेली नाहीं. ज्यांना भगवा हवा होता ते तिचा दाखला पुढें कित्येक वर्षें देत राहिले. आझाद व तारासिंग यांच्या सह्यांची शिफारस आपल्या बाजूची ठरते, हें हत्यार कोण टाकून देईल? वस्तुतः समितीनें केशरी रंग सुचविला तो कोणा एका समाजाचा म्हणून नव्हे, तर तो कोणाचाच नाहीं अशा समजुतीनें. महाराष्ट्रांत मात्र ती समजूत टिकणें शक्य नव्हतें. येथें भगव्याला शिवकाळापासूनची स्मृति चिकटलेली आहे.

आतां फैजपूर. पूर्व खानदेश जिल्ह्याच्या यावल तालुक्यांतील हें गांव. सातपुडा उत्तरेस, तापी दक्षिणेस, जवळचें मोठें गांव सावदें. (खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ सालीं झाले, १९६० सालीं त्यांचीं नांवें जळगांव व धुळें अशीं झालीं.) राष्ट्रीय सभेचें पन्नासावें अधिवेशन ता. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजीं येथें भरलें आणि खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन होय. स्वागताध्यक्ष शंकरराव देव, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. यजमानांत खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी हे प्रमुख. आणि साने गुरुजींनीं खानदेशांतील गांवें पायांखालीं घालून लोकांस या अधिवेशनाची हांक दिली. मंडपनगरीचें नांव टिळकनगर. तिची सजावट शांतिनिकेतनाचे नंदलाल बोस यांनीं केली व ती बांबू, तट्टे आणि खेड्यांत मिळणाऱ्या इतर सामानाची होती. गांधीजींच्या हस्तें खादी व ग्रामोद्योगांचें प्रदर्शन उघडलें. अध्यक्षांची मिरवणूक बैलांच्या रथांतून निघाली. हा सर्व थाट नुसता शोभेचा नव्हता. कोणाचें राष्ट्र, याचें उत्तर शब्दांऐवजीं सामानानें देण्याचा तो प्रयत्न होता. आणि आमच्या मतें तो निशाणाच्या तीन पट्ट्यांपेक्षां अधिक बोलका होता, कारण बांबूला धर्म नसतो.

परंतु त्याच टिळकनगरांत फूटहि वस्तीला आली होती. १९३५ च्या कायद्यान्वये निवडणुका महिनाभरावर होत्या. त्या लढवाव्या व अधिकार घ्यावे कीं नाहीं यावर मतें दुभंगलेलीं. मनमाडाहून पांचशेंवर शेतकरी दोनशें मैल चालत फैजपुरास आले. त्याच ठिकाणीं प्रा. रंगा यांच्या अध्यक्षतेखालीं अखिल भारतीय किसान सभेचें दुसरें अधिवेशन भरलें. शेतसारा, खंड व कर्ज यांविषयींचा फैजपूर शेती कार्यक्रम म्हणून जो प्रसिद्ध आहे तो याच वेळचा. किसान सभेनें लाल झेंडा अधिकृतपणें स्वीकारला तो ऑक्टोबर १९३७ मध्यें. आणि मग शेतकऱ्यांच्या सभेंत तिरंगा कीं लाल, कोणता उजवीकडे व कोणता उंच, असे वाद ठिकठिकाणीं झाले. नेहरूंनीं स्वतः त्यावर लिहून लाल निशाण तिरंग्याचें प्रतिस्पर्धी होऊं नये अशी समज दिली. पांचशें शेतकऱ्यांनीं पायीं तुडविलेल्या मनमाड-फैजपूर वाटेवर या वादाचें बीज पडलें असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

फैजपूरच्या ध्वजारोहणासंबंधानें एक गोष्ट खानदेशांत व खानदेशाबाहेर पुष्कळ सांगितली जाते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या लेखनांत ती पुढीलप्रमाणें येते. ध्वजस्तंभ ८० फूट उंच होता. नेहरूंनीं दोरी ओढतांच निशाण वर जातां जातां मध्येंच अडकलें. कोणाचा धीर होईना. तेव्हां शिरपूरचा किसनसिंग नांवाचा तरुण सरसर वर चढला, गुंता सोडवला, निशाण वर पोंचलें, जयघोष झाला. त्याचा खुल्या अधिवेशनांत सत्कार व्हावयाचा होता. परंतु तो संघाच्या शाखेंत जातो हें कळल्यावर तो झाला नाहीं. पुढें डॉ. हेडगेवार यांनीं धुळ्यास, देवपूर शाखेंत, त्यास रुप्याचें भांडें देऊन गौरविलें.

या कथेचें मोल करतांना इतिहाससंशोधकानें घाईनें डोळे मिटूं नयेत व घाईनें मानहि डोलवूं नये. कथेच्या पाठांत भेद आहेत. कोठें त्या तरुणाचें आडनांव राजपूत येतें, कोठें परदेशी. कांहीं पाठांत साल १९३७ असें पडलें आहे. हें साल साफ चुकीचें. फैजपूर अधिवेशन डिसेंबर १९३६ चें, आणि त्यानंतरचें हरिपुऱ्याचें फेब्रुवारी १९३८ मधलें, म्हणजे १९३७ सालीं अधिवेशनच झालें नाहीं. आडनांवाचा भेद मात्र खानदेशांत राहणारास खटकणार नाहीं, कारण या भागांतील उत्तरेकडून आलेल्या राजपूत घराण्यांस परदेशी म्हणण्याचा प्रघात आहे. सालाची चूक ही तोंडीं कथेची चूक आहे. ज्यांत अशी चूक असते ती कथा बनावटच असते असें नाहीं, पण ती कागदावरून उतरलेली नाहीं एवढें सिद्ध होतें. कथेचे दोन भाग वेगळे करावे. निशाण अडकणें व कोणीं तरी चढून तें सोडविणें, हा एक. सत्कार नाकारला जाणें व दुसरीकडे होणें, हा दुसरा. पहिला भाग घटनेचा, दुसरा वादाचा. एकाची साक्ष दुसऱ्यास पुरत नाहीं.

परंतु वादाचा भाग तरी कमी महत्त्वाचा कोठें आहे? संघाच्या दृष्टीनें त्या काळीं राष्ट्रध्वज कोणता होता, याचा कागद उपलब्ध आहे. ता. २६ जानेवारी १९३० रोजीं काँग्रेसनें स्वातंत्र्यदिन पाळावयाचें ठरविलें असतां हेडगेवार यांनीं ता. २१ रोजीं शाखांस पत्रक धाडलें. त्यांत तो दिवस पाळण्यास व राष्ट्रध्वजास वंदन करण्यास सांगितलें, आणि राष्ट्रध्वज म्हणजे भगवा असें तेथेंच नमूद केलें. दिवस काँग्रेसचा, निशाण आपलें. म्हणजे किसनसिंगाची कथा खरी धरली तर, ज्या निशाणास त्याची संस्था राष्ट्राचें मानीत नव्हती, त्या निशाणासाठीं तो जीव धोक्यांत घालून चढला. यांत विसंगति आहे असें कोणी म्हणतात, उदारता आहे असें कोणी म्हणतात. आम्हांस दोन्हीची गरज वाटत नाहीं. ऐंशीं फुटांच्या काठीवर कापड अडकलेलें पाहून खालीं उभा असलेला चपळ पोरगा पत्रक आठवीत बसत नाहीं. तो चढतो. तो खालीं उतरल्यावर मात्र दोन्ही पक्ष त्याला आपापल्या बखरींत ओढूं लागतात, आणि आजवर ओढीत आहेत.

खरी अडचण अशी होती कीं तें निशाण एकाच वेळीं दोन कामें करीत होतें. काँग्रेस म्हणे, हें राष्ट्राचें निशाण. पण तें काँग्रेसच्या कचेरीवर, काँग्रेसच्या उमेदवाराच्या गाडीवर व काँग्रेसच्या मतपत्रिकांच्या वाटपांतहि असे. जुलै १९३७ मध्यें मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ आलें. इतर प्रांतांतहि काँग्रेसचा अधिकार आला आणि नगरपालिका, लोकल बोर्डें व शाळा यांवर तिरंगा चढूं लागला. मुस्लिम लीगनें त्यास हरकत घेतली. १९३८ च्या पीरपूर अहवालांत सरकारी इमारतींवर हें निशाण लावणें ही मुसलमानांवरील जुलमाच्या यादींतील एक बाब म्हणून आली. लीगची हरकत सर्वस्वी खोटी होती असें आम्ही म्हणणार नाहीं. पक्षानें आपलें निशाण राष्ट्राला देऊन टाकावयाचें असेल तर स्वतःजवळ तें ठेवतां येत नाहीं, आणि काँग्रेसला दोन्ही हवीं होतीं. तथापि लीगला तरी काय हवें होतें? तिचें हिरवें निशाण उभें होतेंच. हिंदु महासभेनेंहि कृपाण, कुंडलिनी व स्वस्तिक यांनीं अंकित भगवें निशाण घेतलें. १९४२ सालीं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचें निळें आलें. दहा वर्षांत एकेका गांवच्या चौकांत चार-पांच रंगांचीं कापडें उभीं राहिलीं.

या हिशेबांत नंदुरबारचा प्रसंग वेगळा पडतो. ऑगस्ट १९४२ मध्यें काँग्रेस बेकायदा ठरली. तिचें निशाण हातांत असणें हाच गुन्ह्याचा पुरावा झाला. ता. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं, म्हणजे नेत्यांच्या धरपकडीस बरोबर महिना झाला त्या दिवशीं, पश्चिम खानदेशांतील नंदुरबार येथें विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. (नंदुरबार हा १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा आहे.) पोलिसांनीं अडविली. मिरवणुकींत शिरीषकुमार मेहता हा मुलगा तिरंगा घेऊन होता. ता. २८ डिसेंबर १९२६ चा त्याचा जन्म. म्हणजे सोळावें वर्ष चालू, पंधरा पुरीं. गोळीबार झाला व तो पडला. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर केतकर व घनःश्यामदास हेहि गेले. पोलिसांनीं मिरवणुकींतील मुलींवर बंदूक रोखली असतां शिरीषकुमार पुढें झाला, असें नंदुरबारांत सांगतात.

नांवांकडे लक्ष द्यावें. मेहता, लालदास, धनसुखलाल हीं गुजराथी व्यापारी वस्तीचीं नांवें. केतकर हें कोंकणांतून वर आलेलें. मिरवणुकींतील घोषणाहि गुजराथींत होत्या आणि त्या भूमीच्या निशाणाविषयींच्या होत्या. नंदुरबार हें गांवच असें आहे कीं जेथें मराठी, अहिराणी, गुजराथी व भिल्ली बोली एकाच बाजारांत ऐकूं येतात. येथें तिरंग्याचे तीन रंग म्हणजे तीन धर्म कीं तीन गुण, हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं. पोलिसांच्या दृष्टीनें तें एका बेकायदा पक्षाचें निशाण होतें व कायद्याच्या अक्षरापुरतें त्यांचें म्हणणें बरोबरहि होतें. पण त्या दुपारनंतर तसें म्हणणें नंदुरबारांत कोणास शक्य राहिलें नाहीं. समितीच्या ठरावांनीं जें साधलें नव्हतें तें पांच मृत्यूंनीं एका गांवापुरतें साधलें, हें लिहितांना लेखणी अडते. परंतु घडलें तें असें.

१९४७ सालीं फाळणी ठरल्यावर निशाणाचा निकाल लावणें भाग पडलें. घटना समितीनें जून १९४७ मध्यें राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालीं जी ध्वजसमिति नेमली तींत आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, मुनशी व डॉ. आंबेडकर हे होते. भगव्यासाठीं महाराष्ट्रांतून अखेरची खटपट झाली ती या वेळीं. आंबेडकर मुंबईहून दिल्लीस निघाले असतां हिंदुसभेच्या व मराठा पुढाऱ्यांनीं विमानतळावर त्यांच्या हातीं भगवें निशाण दिलें, आणि त्यांनीं लोकमताचा जोर असेल तर आपण तें पुढें मांडूं असें सांगून, संसदेवर भगवें लावण्याचें काम एका महाराच्या मुलाकडून करून घेतां काय, असा हंसत टोलाहि मारला, असें धनंजय कीर यांनीं आंबेडकरचरित्रांत नमूद केलें आहे. या विनोदांत पुष्कळ इतिहास भरलेला आहे.

ता. २२ जुलै १९४७ रोजीं नेहरूंनीं ठराव मांडला. तिरंगा कायम, चरख्याच्या जागीं सारनाथच्या सिंहस्तंभावरील चक्र, गर्द निळें, प्रमाण तीनास दोन. चरखा दोन्ही बाजूंनीं सारखा दिसत नाहीं ही सांगितलेली अडचण व्यवहाराची होती. पण परिणाम दुसराच झाला. चरखा काँग्रेसपाशीं राहिला आणि चक्र राष्ट्राकडे गेलें. पक्षाचें व राष्ट्राचें निशाण अखेर वेगळें झालें, जें दहा वर्षांपूर्वीं व्हावयास पाहिजे होतें. गांधीजींस हा बदल रुचला नाहीं. त्या दिवशीं ठरावाच्या बाजूनें बोलणारांत लीगचे चौधरी खलिकुझ्झमान हेहि होते. ते कांहीं महिन्यांतच पाकिस्तानांत गेले. ता. ११ ऑगस्ट रोजीं कराचीस जें निशाण मंजूर झालें त्यांत हिरवा रंग मोठा व काठीकडे पांढरा पट्टा. तो पांढरा अल्पसंख्यांकांचा म्हणून सांगण्यांत आला. हिरवा मुसलमानांचा व पांढरा इतरांचा, हा अर्थ आपण वर पाहिला आहे. तो गांधीजींनीं १९२१ सालीं सांगितलेला. हिंदुस्थानानें १९३१ सालीं टाकून दिलेला अर्थ पाकिस्ताननें सोळा वर्षांनीं उचलला. फक्त तांबडा पट्टा तेथें उरला नाहीं. संघाच्या वर्तुळांतील ऑर्गनायझर पत्रानें जुलै-ऑगस्ट १९४७ मध्यें तिरंग्याविरुद्ध लिहिलें. गांधीवधानंतर संघावर घातलेली बंदी जुलै १९४९ मध्यें उठली ती त्यानें लेखी घटना करून राष्ट्रध्वजाविषयीं निष्ठा नमूद केल्यावर.

खानदेशाला फाळणीची सरहद्द लागली नाहीं, पण दुसरी एक लागलेली होतीच. जामनेर, पाचोरें व चाळीसगांव या तालुक्यांच्या दक्षिणेस अजिंठ्याचा डोंगर. त्यापलीकडे व फर्दापुराकडे निजामाचा अंमल. ता. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं स्टेट काँग्रेसनें स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं हैदराबाद हिंदी संघराज्यांत सामील व्हावें म्हणून चळवळ सुरू केली; संस्थानांत तिरंगा लावणें हाच सत्याग्रह झाला व त्यासाठीं लोक पकडले गेले. स्वामीजींस ता. १५ ऑगस्ट रोजीं अटक झाली. जळगांवास त्या दिवशीं जें निशाण कचेरीवर सन्मानानें चढलें, तेंच पन्नास-साठ किलोमीटरांवर फर्दापुरास लावणें गुन्हा होता. थाळनेरचा न्याय पुन्हा आला : ज्याचें निशाण त्याचा अंमल. नव्या निशाणावर जें चक्र घेतलें तें धर्मचक्र अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत बुद्धमूर्तीच्या आसनावर, दोन बाजूंस हरिणें असलेलें, कोरलेलें आहे. आणि तें लेणें निजामाच्या मुलखांत होतें. ता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं फौजा शिरल्या, ता. १७ रोजीं निजामानें शरणागति दिली, आणि सरहद्द मिटली.

राहिली संग्राहकांची गोष्ट. सनदा, शिक्के व मोडी रुमाल जपणाऱ्या आपल्या लोकांच्या पेटींत खादीचें जुनें निशाण सहसा दिसत नाहीं. तें घरांतील जुन्या कापडांबरोबर जातें. असें वस्त्र हातीं आल्यास प्रथम पट्ट्यांचा क्रम पाहावा. पांढरा वर व चरखा तिन्ही पट्ट्यांवर असेल तर नमुना १९२१ चा. केशरी वर व मधोमध निळा चरखा असेल तर १९३१ नंतरचा. चोवीस आऱ्यांचें चक्र असेल तर जुलै १९४७ नंतरचा. घरीं शिवलेल्या निशाणांत क्रम चुकलेला असूं शकतो, म्हणून एवढ्यावर विसंबूं नये. चरखा छापलेला आहे, रंगविलेला आहे कीं दोऱ्यानें भरलेला, पट्टे जोडलेले आहेत कीं एकाच कापडावर रंग दिलेला, सूत हातचें कीं गिरणीचें, हें टिपावें. चरख्याच्या जागीं मागाहून चक्र शिवलेलें आढळल्यास तें उसवूं नये. खालच्या चरख्याचे टांके पाठीमागून दिसतात. डिसेंबर २०२१ पासून ध्वजसंहितेनें यंत्रावर केलेल्या व पॉलिस्टरच्या निशाणांसहि मुभा दिली आहे, त्यामुळें हातसुताचें निशाण यापुढें अधिकच दुर्मिळ होणार. धुळ्यास वि. का. राजवाडे यांचें ता. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं निधन झाल्यावर त्यांचीं दप्तरें राखण्यासाठीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ उभें राहिलें. फैजपूर व नंदुरबार या दोन्ही गांवांतील घरांतून असें एखादें वस्त्र निघालें तर तें कोणाच्या हातचें, कोणत्या दिवशींचें व कोणत्या काठीवरचें, एवढें देणाराकडून त्याच वेळीं लिहून घेऊन कापडाबरोबर बांधून ठेवावें.